बेळगावच्या परड्यात काळं अंजीर: पावसाला चुकवून पिकवायची रीत

बेळगावात अंजीर जगत नाही असं कुणी सांगितलं तर मनावर घेऊ नका. जगतं, चांगलं फोफावतं, दोन वर्षांत कंपाउंडच्या वर डोकं काढतं. अडतं ते पुढं. फळं धरतात, सुपारीएवढी होतात आणि हिरवीच गळून पडतात. नाहीतर ऐन श्रावणात पिकायला येतात आणि बुडाच्या भोकातून फेस गाळायला लागतात. फोडून बघावं तर आंबलेल्या ताकाचा वास. माझ्या परड्यातल्या पहिल्या झाडानं मला सलग तीन वर्षं हेच दाखवलं.

आमच्याकडं नारळ उतरायला येळ्ळूरचे एक मामा येतात. चौथ्या वर्षी त्यांनी झाडाला एक फेरी मारली आणि म्हणाले, "बाई, झाडाचं काय चुकत न्हाई. तुमची तारीख चुकतीया."

पुढं जे लिहिलंय ते बहुतेक ह्या तारखेबद्दलच आहे. खत, माती, औषध हे सगळं लागतंच, पण तारीख चुकली तर त्यातलं काहीच उपयोगी पडत नाही.

आपली हवा आणि अंजिराचा हिशेब

थंड हवेत अंजीर कसं लावायचं म्हणून मोबाईलवर शोधलं की परदेशातली माणसं झाडाला गोणपाट आणि घोंगड्या गुंडाळताना दिसतात. ते बघून आपण घाबरू नये. पानं गाळून झोपलेलं अंजिराचं लाकूड शून्याखाली सात-आठ अंश थंडीसुद्धा सोसतं, आणि आपल्याकडं डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा १०-१४ अंशांपर्यंतच उतरतो. शहर समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे, म्हणून हवा गार, एवढंच. ती थंडी झाडाला मारत नाही, फळ पिकायला फक्त उशीर लावते.

खरा वैरी पाऊस. जून ते सप्टेंबर सूर्य दिसत नाही, पानं वाळत नाहीत, मातीला बुरशीचा वास सुटतो. अंजिराच्या बुडाला जे बारीक भोक असतं, ज्याला आपण डोळा म्हणूया, त्यातून पाणी आत शिरतं आणि पिकत आलेलं फळ आंबतं. खानापूर-जांबोटीच्या बाजूला तर पाऊस शहराच्याही वर. उलट अथणी-रायबागकडं त्याच्या निम्म्याहून कमी.

आपण सगळे अंजीर शिकलो ते पुण्याकडच्या लोकांकडून. पुरंदर-सासवडचं अंजीर नावाजलेलं, त्याला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथं दोन बहर धरतात. पावसाळ्याच्या तोंडाशी छाटून घेतला तो खट्टा बहर, आणि पावसाळा संपताना छाटून उन्हाळ्यात तोडला तो मीठा बहर. पण पुरंदर घाटाच्या पलीकडचं, पर्जन्यछायेतलं. तिथला खट्टा बहर उचलून तसाच बेळगावच्या अनगोळ-वडगावात लावला तर काय होतं ते वर सांगितलंच. अथणीवाल्यांनी खुशाल दोन्ही करून बघावेत. बेळगाव, खानापूर, हुक्केरीचा पश्चिम भाग, इथं मात्र मीठा बहर एके मीठा बहर.

आता उलटं मोजायचं. वळीव एप्रिलमध्ये केव्हाही येतो, मेअखेर तर नक्कीच. म्हणजे फळाचा मोठा भाग मार्च आणि एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात उतरायला हवा. फळ पहिल्यांदा वाटाण्याएवढं दिसल्यापासून पिकेपर्यंत तीन ते चार महिने जातात, थंडी मध्ये आली की चारच धरा. म्हणजे नोव्हेंबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात फळ दिसलं पाहिजे. छाटल्यावर फांदीवरचे डोळे, म्हणजे कोंबाच्या जागा, फुटून फळ दिसायला चार-पाच आठवडे. मागं मोजत गेलं की बोट दसऱ्याच्या आसपास येऊन थांबतं. मामांच्या तोंडी हे सगळं गणित एका वाक्यात होतं, "सोनं वाटलं की कात्री घ्याची."

मी आधी काय करत होते? जूनमध्ये, पहिला पाऊस पडल्यावर, बाकी बागेबरोबर अंजीरही छाटत होते. म्हणजे सप्टेंबरच्या चिखलात पिकायची सोय मीच करून ठेवत होते.

कुठलं रोप आणावं

'काळं अंजीर' म्हणून नर्सरीत जे मिळतं ते काळं निघेलच असं नाही. माझं पहिलं झाड फिकट हिरवट-तपकिरी फळाचं निघालं. ज्या नर्सरीतून आणलं तिथं परत जाऊन विचारलं तर "अजून चार वर्षं थांबा, रंग येईल" हे उत्तर मिळालं. झाडाचं वय वाढलं म्हणून सालीचा रंग बदलत नाही, एवढं त्या दिवशी कळलं. जमलं तर फळ लागलेलं झाड डोळ्यांनी बघून त्याचीच फांदी मागून घ्यावी.

पुणे अंजीर पिकल्यावर जांभळट-तपकिरी होतं आणि आपल्याकडं सगळ्यांत निर्धास्त. त्याहून गडद हवं असेल तर ब्राऊन टर्की, विटकरी-जांभळी साल आणि आत गुलाबी गर. कुंडीत चांगलं राहतं. ब्लॅक मिशन खरोखर काळं, गोडीला भारी. स्पेनच्या मिशनऱ्यांनी अठराव्या शतकात ते कॅलिफोर्नियात नेलं, म्हणून ते नाव. कोरड्या हवेतलं झाड, त्यामुळं आपल्याकडं ते कुंडीतच लावावं, म्हणजे पावसात पत्र्याखाली ओढता येतं.

एक चूक मात्र करू नका. बाजारातल्या सुक्या अंजिराच्या बिया रुजतात, रोपंही येतात, पण त्यावर सहा वर्षं घालवू नयेत. बियांपासूनची जवळजवळ निम्मी झाडं खाण्याच्या उपयोगाची नसतात. शिवाय सुकं अंजीर बहुतेक स्मर्ना प्रकारचं, म्हणजे एका विशिष्ट चिलटाएवढ्या गांधीलमाशीनं आत शिरून परागण केल्याशिवाय त्याची फळं गळतात, आणि ती माशी आपल्या परड्यात नाही. वर सांगितलेल्या जातींना माशी लागत नाही, परागणाशिवायच फळ भरतं. 'उंबराचं फूल' आपण म्हणतो ना, तोच प्रकार इथं. फूल बाहेर कधी दिसतच नाही, शेकडो फुलं फळाच्या आत, भिंतीला चिकटलेली. आपण गर म्हणून खातो ती तीच. शेजारच्या कन्नड अक्का उंबराला अत्ती म्हणतात आणि अंजिराला अंजूर. दोन्ही एकाच घरातली हे सांगितल्यावर बराच वेळ त्यांचा विश्वास बसला नव्हता.

फांदीपासून रोप

बहर छाटताना जे लाकूड निघतं त्यातूनच फाटेकलम करा. अंगठ्याएवढं जाड, एक वीतभर लांब, चार-पाच डोळे असलेलं, कोवळं हिरवं टोक नसलेलं. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, सरळ. वरचा तिरका, म्हणजे वर-खाली घोटाळा होत नाही. कापल्यावर पांढरा चीक वाहतो. तो पाण्यानं धुऊन दिवसभर सावलीत ठेवावं, मग नदीची जाड वाळू आणि कुजलेलं शेणखत निम्मं-निम्मं भरलेल्या पिशवीत दोन तृतीयांश पुरावं. एक डोळा वर राहिला तरी पुरे.

कोंब पंधरा दिवसांत फुटतो आणि सगळे इथंच फसतात. कोंब फुटला म्हणजे मूळ आलं असं नाही, तो फांदीतल्या साठ्यावर फुटतो. लगेच भरपूर पाणी घालून फांदी कुजवणारे मी किती बघितलेत! बोटभर माती कोरडी झाल्याशिवाय पाणी नाही. दीड-दोन महिन्यांनी पिशवीच्या तळातून पांढरी मुळं दिसली की मोठ्या कुंडीत.

चीक हाताला लागला की काहींना खाज सुटते, आणि तो अंगावर असताना ऊन लागलं तर फोड येऊन काळे डाग पडतात. हे थट्टेवारी नेऊ नका. माझ्या मनगटावरचा एक डाग पुढच्या गणपतीपर्यंत होता. पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट आणि हातमोजे घालून, शक्यतो संध्याकाळी छाटावं.

जागा

सात-आठ तास थेट ऊन. ह्यात तडजोड नाही, कारण काळ्या जातीचा रंग सालीत उन्हावरच चढतो. घराच्या दक्षिणेला चिऱ्याची भिंत असेल तर तिच्यापासून सहा-सात फुटांवर लावा. चिरा दिवसभर तापतो आणि पहाटेपर्यंत ऊब सोडत राहतो, थंडीत त्याचा फायदा होतो. मात्र भिंतीला, संडासाच्या टाकीला किंवा पाइपलाइनला अगदी लागून नको. अंजिराची मुळं ओल शोधत लांब जातात.

माती बेळगावची तांबडी, निचऱ्याची, चांगली. दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा, निम्मी माती, चार पाट्या जुनं शेणखत, दोन-तीन ओंजळी निंबोळी पेंड. आपली जांभ्याची माती आम्ल असते आणि अंजिराला चुना आवडतो, म्हणून मूठ-दोन मूठ विझवलेला चुना किंवा चुलीची राख मिसळावी. चिकोडी-बैलहोंगलकडच्या काळ्या रानात मात्र खड्ड्यात लावूच नका, तिथं गुडघाभर उंच वरंबा करून त्यावर लावा, नाहीतर पावसाळ्यात मुळं बुडतात.

परडं नसेल तर ५०-६० लिटरचा प्लास्टिकचा ड्रम अर्धा कापून, तळाला आठ-दहा भोकं पाडून घ्या. ड्रम विटांवर ठेवा, जमिनीवर नको. ड्रमातलं झाड पावसातून पत्र्याखाली ओढता येतं, मुळं आवरलेली असल्यानं फळ लवकर धरतं, आणि सप्टेंबरात त्याला उपाशी ठेवणं सोपं जातं. खरं सांगायचं तर खानापूर तालुक्यात राहणाऱ्यांना मी ड्रमच सांगते.

लावायचं गणपती उठल्यावर, पावसाचा जोर ओसरला की. जूनमध्ये लावलेलं कोवळं रोप दोन महिने ओल्या पायांनी उभं राहतं आणि तांबेऱ्यानं, म्हणजे पानांवरच्या गंजासारख्या रोगानं, उघडं पडतं. पहिली दोन वर्षं फळांचा लोभ नको. गुडघ्याच्या वर, दीड-दोन फुटांवर शेंडा मारा, चार दिशांना चार फांद्या ठेवा, बाकीच्या आणि बुडातून येणारे फुटवे काढत चला.

ताण आणि छाटणी

सप्टेंबर सुरू झाला की झाडाला ताण द्यायचा, म्हणजे पाणी तोडायचं. ड्रम पत्र्याखाली ओढा. जमिनीतल्या झाडाच्या बुंध्याभोवती प्लास्टिकचा कागद उतार करून अंथरा, म्हणजे पाऊस बाहेरच्या बाहेर वाहून जाईल. आळं पूर्ण मोडून टाका. तीन-चार आठवड्यांत पानं पिवळी होऊन गळायला लागतात. झाड रोडावलेलं दिसतं आणि जीव कळवळतो. मी एकदा गुपचूप बादलीभर पाणी घातलं होतं. मामांनी ओलसर माती बघून न बोलता मान हलवली.

दसऱ्यानंतर, कोरडा दिवस बघून छाटणी. गेल्या वर्षीची फूट निम्म्यानं कमी करा, प्रत्येकीवर तीन-चार ठणठणीत डोळे राहू द्या. वाळलेलं, आत वळलेलं, एकमेकांवर घासणारं सगळं काढा. मध्ये टोपलीसारखी पोकळी दिसली पाहिजे. काप डोळ्याच्या बोटभर वर, आणि मोठ्या कापांवर बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद-चुन्याचा लेप. शेंड्यावर एकच फूट येऊन बाकी डोळे झोपून राहतात अशी फांदी असेल तर पुण्याकडची जुनी युक्ती करा: झोपलेल्या डोळ्याच्या लगेच वर धारदार चाकूनं सालीची इंचभर लांब, पातळ खाच काढा. शेंड्याकडून खाली येणारा रस तिथं अडतो आणि डोळा जागा होतो. बागाईतदार डोळे फोडायला एक रसायन मारतात. ते विषारी आहे, घरच्या दोन झाडांसाठी त्याच्या नादी लागू नये.

छाटणीच्या दिवशीच सगळी गळलेली पानं वेचून जाळा. आळ्यात ढेकळं फोडा, प्रत्येक मोठ्या झाडाला दोन-तीन पाट्या शेणखत, किलोभर निंबोळी पेंड, पावशेर हाडांचा चुरा, ओंजळभर राख, आणि मग पहिलं पाणी, भरपूर. युरिया नको. नत्र जास्त झालं की हाताएवढाली पानं येतात, फूट वर पळते आणि फळ मात्र मार्चमध्येही हिरवंच. आमच्या गल्लीत एका गृहस्थांचं झाड दरवर्षी सगळ्यांत देखणं असतं. त्यांनी अजून एकही पिकलेलं अंजीर खाल्लेलं नाही. म्हशीचा गोठा शेजारी, आणि गोमूत्राचं पाणी थेट बुंध्यात!

नवीन फुटीला पाच-सहा पानं झाली की शेंडा चिमटीनं खुडा. त्या खुडण्यानं झाडाचं लक्ष उंचीवरून फळाकडं वळतं. आठवड्याभरात पानांच्या बेचक्यात हिरवे मणी दिसायला लागतात.

मधले दोन महिने, जेव्हा काहीच होत नाही

हा भाग कुणी समजावून सांगत नाही, म्हणून मी जरा रेंगाळते.

अंजीर तीन टप्प्यांत वाढतं. पहिल्या पाच-सहा आठवड्यांत झपाट्यानं फुगतं, मोठ्या सुपारीएवढं होतं. मग थांबतं. डिसेंबर जातो, जानेवारी जातो, संक्रांतीचे तीळगूळ संपतात, फळ आहे तेवढंच, तसंच कडक, तसंच हिरवं. आपल्या थंड रात्रींमुळं हा मधला टप्पा लांबतो. इथं माणसाचा धीर सुटतो. कुणी पाणी वाढवतं, कुणी खत टाकतं, कुणी फळं तोडून घरात तांदळाच्या डब्यात पिकत घालतं. अंजीर आंब्यासारखं आढीत पिकत नाही. हिरवं तोडलं तर मऊ पडेल, सुरकुतेल, पण गोड कधीच होणार नाही.

मग शिवरात्रीच्या आगेमागे, दुपारची हवा तापायला लागली की तिसरा टप्पा येतो. एका सकाळी फळाची मान किंचित फिकट दिसते. दोन दिवसांत ते फुगून दुप्पट होतं, रंग खालून वर चढतो, आणि आठवड्याभरात खायला तयार. सगळी साखर, सगळा रंग ह्या शेवटच्या काही दिवसांतच येतो. म्हणून त्या दिवसांत ऊन आणि पाणी दोन्ही जपायचं.

मधल्या टप्प्यात पाणी बेतानं पण नेमानं. जमिनीतल्या झाडाला आठवड्यातून एकदा, ड्रमाला दोन-तीन दिवसांनी. एकदा कोरडं आणि एकदा तुडुंब, असं केलं की फळ गळतं नाहीतर नंतर तडकतं. बुंध्याभोवती चार बोटं भाताचं पिंजर अंथरा, आपल्याकडं ते कमी नाही.

पिकवण्यासाठी हाताशी असलेले उपाय

पहिला, विरळणी. एका फांदीवर सहा-सातपेक्षा जास्त फळं नकोत. फेब्रुवारीअखेरीनंतर धरलेली बारकी फळं निर्दयपणे काढा. ती मेअखेरपर्यंत झाडाचं बळ खातील आणि पावसात सडतील.

दुसरा, ऊन. फळावर सावली धरणारं एखाद-दुसरं पान काढा, पण ज्या पानाच्या बेचक्यात फळ आहे ते पान ठेवा, फळाला पोसतं तेच. पाखरांपासून राखायला कागदी पिशवी बांधायची सवय असेल तर काळ्या जातीला ती बांधू नका. उजेड अडला की साल फिकट राहते. पारदर्शक जाळीच्या पिशव्या, लग्नात अक्षता वाटायला वापरतात तसल्या, उत्तम चालतात. रंग चढतो, वारा लागतो, बुलबुल आणि तांबट बाहेरूनच टोचा मारत बसतात. वटवाघळांना मात्र त्या पुरत नाहीत. ते जास्त असतील तर संपूर्ण झाडावर जाळं टाका आणि खाली घट्ट बांधा, नाहीतर त्यात पाखरू अडकून मरतं.

तिसरा, तेल. भूमध्य समुद्राकडचे लोक फार जुन्या काळापासून अंजिराच्या डोळ्याला तेलाचा थेंब लावतात. त्यानं फळात पिकवणारा वायू, इथिलीन, लवकर तयार व्हायला लागतो आणि फळ साधारण आठवडाभर आधी पिकतं. ऑलिव्हच हवं असं नाही, कुठलंही गोडं तेल चालतं. आगपेटीच्या काडीला कापूस गुंडाळून तेलात बुडवायचा आणि फक्त डोळ्यावर टेकवायचा, सगळ्या फळाला फासायचं नाही. कळीचं ते लावायची वेळ. फळ मधल्या टप्प्याच्या शेवटी पाहिजे, डोळ्याची कड हिरवी सोडून गुलाबी-लालसर झालेली. त्याआधी लावलं तर फळ पिकल्यासारखं दिसतं, आतून मात्र कापसासारखं, बेचव. मी एका झाडावर अर्ध्या फळांना लाल दोरा बांधून तेल लावून बघितलं. दोऱ्याची फळं आधी उतरली, पण गोडीला बिनदोऱ्याची सरस होती. म्हणून आता मी तेल फक्त एप्रिलमध्ये, ढग दिसायला लागले आणि झाडावर फळ बाकी असलं तरच वापरते. घाई नसताना ते करू नये असं माझं मत.

पिकायला लागल्यावर पाणी निम्म्यावर आणा. गोडी घट्ट होते, फळाला तडे कमी जातात.

तांबेरा, खोडकिडा आणि मुंग्या

तांबेरा येतोच. पानाच्या खाली गंजासारखी पूड, वर तपकिरी ठिपके, मग पान गळतं. पावसाळ्यात थोडाफार आला तर मी डोळेझाक करते, तसंही सप्टेंबरात पानं गाळायचीच असतात. पण छाटणीनंतरच्या नव्या पानांवर तो नको. त्यासाठी एक टक्का बोर्डो: १० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, १० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरात, दोन्ही प्लास्टिकच्याच भांड्यात. मग दोन्ही एकदम तिसऱ्या भांड्यात ओतत ढवळा. त्यात लोखंडी खिळा मिनिटभर बुडवा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, थोडा आणखी घाला. केल्या दिवशीच फवारून संपवा. एक हात छाटणीनंतर उघड्या लाकडावर, दुसरा नवीन पानं पुरती उघडल्यावर. फळ पिकायच्या महिनाभर आधी सगळं बंद.

खोडकिडा जास्त घातक. बुंध्यावर भोक आणि खाली लाकडाचा भुसा दिसला की आत बोटाएवढी अळी लाकूड पोखरतेय हे समजा. सायकलच्या स्पोकची तार आत घालून ती चिरडा, पेट्रोलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा कोंबा आणि ओल्या चिखलानं तोंड लिंपा. जूनच्या आधी बुंध्याला गेरू-चुन्याचा हात दिला तर अंडी घालायला साल मोकळी राहत नाही. मुंग्या पिठ्या ढेकणाला झाडावर आणून वसवतात, म्हणून बुंध्याला चिकटपट्टी गुंडाळून तिच्यावर ग्रीसचा पट्टा ओढा. ग्रीस सालीला थेट लावू नका. रोप वर्षानुवर्षं खुरटंच राहिलं तर एकदा मूळ उकरून बघा. त्यावर गाठी असतील तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांतले डोळ्यांना न दिसणारे किडे. तिथं परत अंजीर लावू नये, भोवती झेंडू लावावा.

ह्याहून वेगळं काही दिसलं तर पान पिशवीत घालून मत्तिकोप्पच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा अरभावीच्या उद्यानविद्या महाविद्यालयात दाखवा. औषधाच्या दुकानात नुसतं 'अंजिरावर काहीतरी आलंय' म्हणून गेलात तर तीन बाटल्या घेऊन परत याल.

उतरायचं कधी

रंग बघून तोडू नका. काळ्या जातीचं फळ पूर्ण काळं झाल्यावरही दोन-तीन दिवस झाडावर राहायला हवं. मान बघा: ताठ असलेलं फळ देठापाशी वाकून, मान टाकून लोंबायला लागलं की ते तयार. सालीवर बारीक पांढऱ्या उभ्या भेगा पडतात, बोटानं दाबलं तर कानाच्या पाळीसारखं लागतं, डोळ्याशी मधाचा थेंब जमतो. तोडताना देठातून पांढरा चीक आला तर एक दिवस आधी तोडलंत.

सकाळी, दव वाळल्यावर, देठासकट, फळ हलकेच वर उचलून तोडायचं. ओढलं तर साल फाटते. एकावर एक रचू नका. पळसाच्या पत्रावळीवर एकेक सुटं ठेवा. बाहेर एक दिवस टिकतं, फ्रीजमध्ये तीन-चार. जास्तच आली तर मार्चच्या कोरड्या उन्हात अर्धी चिरून, वर मलमलचं फडकं घालून चार-पाच दिवस वाळवता येतात, रात्री आत आणायची. बाजारातल्यासारखी मोठी गोल होत नाहीत, चिवट आणि काळी होतात, दुधात उकळायला छान.

गेल्या पाडव्याला शेजारच्या अक्कांना पहिलं फळ दिलं. त्यांनी आधी ते उजेडात धरून डोळ्यातून आत किडा आहे का बघितलं, उंबराची सवय. मग खाल्लं. मग चिकट बोटं पदराला पुसत विचारलं, "फांदी कधी देतीस?"

दसऱ्याला, म्हणून सांगितलंय.

वळवाचा पहिला मोठा पाऊस झाला की झाडावर उरलेली फळं एकाच दिवशी काढून टाका, पिकलेली असोत वा कच्ची. सडकी फळं झाडाखाली ठेवू नका, त्यावरच्या चिलटांनी बाकीचं परडं भरतं. शेजारी शेळी असेल तर तिला घाला, पानांसकट खाते. त्यानंतर दसऱ्यापर्यंत झाडाला कात्री लावायची नाही. बुंध्यात पाणी तुंबत नाही ना एवढं बघायचं, ड्रम विटांवर आहे ना बघायचं, आणि आषाढात पानं तांबेऱ्यानं गळायला लागली तरी हात मागं बांधून बसायचं.